परमुलखांतील बिऱ्हाड : आपल्यांत कीं परक्यांत?

जुन्या लोकांची एक रीत असे. नव्या गांवीं बिऱ्हाड करावयाचें झालें म्हणजे भाडें किती आणि खोल्या किती हें विचारण्याआधीं शेजारीं कोण राहतें हें ते विचारीत. छप्पर गळलें तर शाकारून घेतां येतें, विहीर आटली तर दुसरी खणतां येते. पण शेजार कांहीं दुरुस्त करून घेतां येत नाहीं, हा त्यामागचा हिशेब. आपल्याच मुलुखांत जर या विचाराला इतकें महत्त्व, तर जेथें भाषा निराळी, कायदा निराळा, अन्नपाणी निराळें, अशा देशीं कायमचें घर करणारानें तो किती बारकाईनें केला पाहिजे! आपल्या देशबांधवांच्या वस्तींत राहावें, कीं त्यांच्यापासून दूर, तेथल्या लोकांत राहावें, हा प्रश्न परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढें येतो. या महिन्याच्या सदरासाठीं आम्हीं तोच घेतला आहे.

उदाहरणादाखल आम्ही इंग्रजांकडे पाहणार आहों. त्याला दोन कारणें आहेत. एक तर स्वदेश सोडून परक्या देशीं घर करण्याचा जितका अनुभव त्यांच्या गांठीं आहे तितका फार थोड्या राष्ट्रांच्या गांठीं असेल. दुसरें असें कीं, त्यांच्या वेगळ्या वस्त्या आपण महाराष्ट्रीयांनीं कुंपणाच्या बाहेरून पाहिलेल्या आहेत. १८१७ सालीं खडकीची लढाई झाली आणि पुढें पुण्याच्या पूर्वेस व खडकीस इंग्रजांच्या छावण्या वसल्या. 'शहर' आणि 'लष्कर' हे पुणेकरांच्या तोंडचे दोन शब्द त्या वेळेपासूनचे. पेठेंतला वाडा आणि लष्करांतला बंगला यांमधलें अंतर चालत जाण्याइतकें. पण एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूच्या घरांतलें कांहीं ठाऊक नसावयाचें. उन्हाळ्यांत हीच मंडळी महाबळेश्वरास जात, आणि तेथल्या वस्तीला मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्यावरून माल्कम पेठ असें नांव पडलें. नोकरीच्या निमित्तानें वीस-वीस वर्षें या देशांत काढून शेवटीं येथल्या भाषेचीं चार हुकमी वाक्यें तेवढीं बरोबर घेऊन गेलेले कितीतरी गोरे साहेब होते.

हाँगकाँग बेटावर तर ही गोष्ट कायद्यानेंच करण्यांत आली. तेथल्या 'पीक' नांवाच्या थंड डोंगरमाथ्यावर चिनी लोकांनीं राहूं नये असा कायदा १९०४ सालीं झाला. घरच्या नोकरांना मात्र त्यांतून वगळलें होतें. तो रद्द व्हावयास १९४६ साल उजाडलें. या सर्व ठिकाणीं इंग्रज राज्यकर्ता होता, तेव्हां वेगळें राहणें हा त्याच्या राज्याचाच एक भाग होता असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंही आहे.

पण जेथें त्यांचें राज्य नव्हतें, तेथेंही त्यांनीं तेंच केलें. पोर्तुगालांतील पोर्तो शहरीं मद्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मेळाव्यासाठीं बांधलेली दगडी इमारत आजही उभी आहे. आज फ्रान्समध्यें असलेल्या नीस शहरीं हिवाळा काढण्यासाठीं जाणाऱ्या इंग्रजांनीं १८२० नंतरच्या कांहीं वर्षांत स्वतःच्या पैशानें समुद्राकांठचा रस्ता करविला. त्या रस्त्याचें नांवच 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' असें आहे. स्पेनमधील मालागा शहरीं कॅथलिक नसलेल्या माणसाला दफनभूमींत जागा मिळत नसे. त्याला रात्रींच्या अंधारांत समुद्राच्या वाळूंत पुरीत. तेथील इंग्रज वकिलानें, विल्यम मार्क यानें, खटपट करून १८३१ सालीं इंग्रजांसाठीं निराळी दफनभूमि मिळविली. आपल्या माणसांनीं एकत्र राहण्याची गरज केवळ घमेंडींतूनच येत नाहीं, कधीं कधीं ती मरणाच्या दारींही उभी राहते, हें या उदाहरणावरून ध्यानांत यावें.

आतां साम्राज्य गेलें. तरी इंग्रजांचें परदेशीं घर करणें थांबलें नाहीं; फक्त माणसें बदललीं. पूर्वीं अधिकारी, व्यापारी आणि श्रीमंत रोगी जात. आतां शिक्षक, कारकून, गवंडी, परिचारिका अशीं सामान्य माणसें आपल्या पेन्शनीवर जातात. आणि जातात तीं मुख्यतः स्पेनच्या भूमध्यसमुद्राच्या किनाऱ्यावर. १९५० नंतर स्वस्त सहली निघाल्या, १९६७ सालीं आलिकांते शहराजवळ नवा विमानतळ झाला, आणि ज्या कुटुंबांनीं तेथें आठ दिवस ऊन घेतलें त्यांच्या मनांत म्हातारपणही येथेंच काढावें असें येऊं लागलें. लंडनकडच्या लहानशा घराच्या किंमतींत तेथें बाग आणि पोहण्याचा हौद असलेला बंगला मिळे. आज स्पेनमध्यें रीतसर नोंद केलेले अडीच लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिक राहतात, आणि त्यांतले पुष्कळसे आलिकांते व मालागा या दोनच प्रांतांत आहेत.

तीं घरें कशीं आहेत तें समजून घेतलें पाहिजे. जुनें गांव एका बाजूस असतें. त्यांत देऊळ, बाजार, नगरपालिका, अरुंद गल्ल्या, संध्याकाळीं दारांत खुर्च्या टाकून बसणारीं माणसें. त्यापासून दोन-चार मैलांवर माळरानावर एखाद्या बांधकाम कंपनीनें शेंकडों सारखे बंगले उठविलेले असतात. दुकानें, दारूचा गुत्ता, न्हावी, दंतवैद्य, वर्तमानपत्र, सर्व कांहीं इंग्रजी. आलिकांते प्रांतांतील सान फुल्खेन्सियो या लहानशा गांवीं अशा वसाहतीमुळें अर्ध्याहून अधिक रहिवासी परदेशी झाले आहेत. तेथें राहणारास स्पॅनिश भाषेचा एक शब्द न बोलतां वर्ष काढतां येतें.

अशा वस्तीला हंसणें सोपें आहे. स्वतः इंग्रजच तिला फार हंसतात. "आम्ही कांहीं त्या घोळक्यांत राहत नाहीं" असें सांगण्यांत त्यांच्यांतल्या सुशिक्षितांना भूषण वाटतें. पण न्यायानें पाहिलें तर त्या घोळक्याचीही एक बाजू आहे. पासष्टाव्या वर्षीं नवी भाषा शिकूं लागणें ही सोपी गोष्ट नव्हे. नवरा आजारी पडला, वैद्याचें म्हणणें कळत नाहीं, कागदावर काय लिहिलें आहे तें कळत नाहीं, अशा वेळीं दारावर थाप मारतांच जिच्याशीं मनमोकळें बोलतां येईल अशी शेजारीण असणें ही केवढी सोय आहे, हें घरांतल्या बायकांना सांगावयास नकोच. या वस्त्यांतून रुग्णालयांत दुभाषी म्हणून फुकट काम करणारीं, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करणारीं, धर्मादाय दुकानें चालविणारीं मंडळें इंग्रजांनींच उभीं केलीं आहेत. कॅरन ओ'रायली या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं मालागाच्या किनाऱ्यावर स्वतः राहून या लोकांचा अभ्यास केला. त्यांचें पुस्तक २००० सालीं निघालें. त्यांना आढळलें तें असें कीं, हे लोक परत जाण्यासाठीं झुरत बसलेले नाहींत, किंवा साहेबी मिजाशीनें राज्य करावयासही आलेले नाहींत. त्यांची आपसांतली मदतीची वीण घट्ट आहे, पण स्पॅनिश समाजाच्या मात्र ते कडेलाच राहिले आहेत.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो पहिल्या पांच-सात वर्षांत दिसतच नाहीं. दिसतो तो पुढें.

पहिला दोष असा कीं, अशा वस्तींतलीं माणसें बहुधा एकाच वयाचीं असतात. आपल्या वाड्यांत आजोबा असतात, तसा नुकता नोकरीला लागलेला नातू असतो. एकाचे पाय थकले तर दुसऱ्याचे चालतात. तेथें मात्र साठीच्या वयांत आलेलीं शंभर घरें वीस वर्षांनीं एकाच वेळीं ऐंशींत येतात. ज्या शेजाऱ्याच्या भरंवशावर आलों तोच आतां काठी टेकीत चालतो, कोणी परत गेला, कोणी मरण पावला. मदतीची ती घट्ट वीण म्हणून सांगितली, तीही माणसांबरोबर विरत जाते. पुन्हा दुकान आणि दवाखाना मैलांवर असल्यामुळें मोटार चालवितां येते तोंवरच तो बंगला सुखाचा. डोळे अधू झाले, किंवा मोटार चालविणारा नवरा गेला, कीं मागें राहिलेल्या बाईस तोच बंगला तुरुंगासारखा होतो.

दुसरा दोष पैशाचा. सर्वांची मिळकत एकाच उगमांतून आली म्हणजे दुष्काळही सर्वांना एकदमच येतो. २००७ च्या आरंभीं एका पौंडाचे सुमारें दीड युरो येत; २००८ साल संपतां संपतां पौंड जवळजवळ एका युरोवर उतरला. पेन्शन तेवढीच, पण हातांत पडणारे पैसे तिसऱ्या हिश्शानें कमी. त्याच सुमारास स्पेनमधील घरांच्या किंमतीही कोसळल्या. त्या वेळीं घर विकून परत जावें असें ज्यांना वाटलें त्यांना असें आढळलें कीं, शेजारचीं घरेंही विकावयाचींच आहेत, आणि घेणारा कोणी नाहीं. जुन्या गांवांतलें घर गांवकरीही घेतो. परक्यांसाठींच बांधलेलें घर परकाच घेईल तर घेईल.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो शुश्रूषेचा. स्पेनमध्यें सरकारी रुग्णालयें चांगलीं आहेत, आणि इंग्रज पेन्शनरांच्या औषधपाण्याचा खर्च ठराविक दाखला दिल्यावर इंग्लंडचें सरकार सोसतें. पण त्या समाजाची रीत आपल्यासारखीच आहे. रुग्णाजवळ घरचें कोणी तरी बसलेलें असावयाचें, रात्रीं त्याच्यासाठीं खाटेशेजारीं आरामखुर्ची असावयाची. घरीं पाठविल्यावर मुलगी, सून, बहीण पुढचें सर्व पाहील, असें गृहीत धरलेलें असतें. ज्याची मुलें हजार मैलांवर, आणि ज्याच्या शेजारी मंडळींना दाईची भाषा येत नाहीं, त्यानें काय करावें? इंग्लंडमध्यें वृद्धसेवा नगरपालिकेकडे मागावयाची संवय असलेल्या माणसाला, येथें ती नात्याकडे आणि शेजाराकडे मागावयाची असते, ही गोष्ट फार उशिरां कळते.

आतां दुसरा मार्ग पाहूं, म्हणजे आपल्या लोकांपासून दूर राहण्याचा. त्याचें प्रसिद्ध उदाहरण जेराल्ड ब्रेनन यांचें. हे १८९४ सालीं जन्मले, पहिल्या महायुद्धांत लढले, आणि युद्ध संपल्यावर स्वस्तांत राहून वाचन करावें म्हणून १९२० सालीं दक्षिण स्पेनच्या डोंगरांतील येखेन नांवाच्या खेड्यांत जाऊन राहिले. तेथें मोटारीचा रस्ता नव्हता. बरोबरचीं सुमारें दोन हजार पुस्तकें खेंचरांच्या पाठीवरून वर न्यावीं लागलीं. देशबांधव म्हणावा असा कोणी आसपास नव्हता. खेड्यांतली शेती, लग्नें, भांडणें, सण या सर्वांची नीट ओळख करून घेऊन त्यांनीं पुढें १९५७ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें, आणि स्पेनच्या यादवी युद्धाच्या पूर्वकाळावरील त्यांचा १९४३ चा ग्रंथ अभ्यासू लोक आजही वाचतात.

उतारवयांत ते मालागाजवळच्या आलाउरीन एल ग्रांदे या गांवीं राहत होते. १९८४ सालीं, नव्वदीला आल्यावर, त्यांना लंडनच्या पिनर भागांतील एका वृद्धाश्रमांत नेण्यांत आलें. ही बातमी स्पेनमध्यें पसरतांच तेथें मोठी खळबळ उडाली. आपला माणूस परक्या ठिकाणीं पडला आहे, असें स्पॅनिश लोक म्हणूं लागले. आंदालुसिया प्रांताचें सरकार पुढें आलें, त्यांच्या शुश्रूषेची तजवीज झाली, आणि ते त्याच वर्षीं आपल्या गांवीं परत आले. १९८७ च्या जानेवारींत ते तेथेंच वारले. त्यांच्या अस्थि आज मालागाच्या त्याच इंग्रजी दफनभूमींत, पत्नीच्या शेजारीं आहेत. गांव करी तें राव काय करी, ही आपली म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

परंतु या उदाहरणानें कोणी भुलूं नये. ब्रेनन नांवाजलेले ग्रंथकार होते. सामान्य पेन्शनराला आणावयाला सरकार येणार नाहीं. शिवाय ते गेले तेव्हां त्यांचें वय पंचवीस-सव्वीस होतें आणि गांवच्या जीवनांत मिसळावयास पुढें साठ वर्षें होतीं. साठाव्या वर्षीं डोंगरांतलें पडकें घर घेणारा मनुष्य त्यांचें अनुकरण करूं लागला, तर पहिल्याच हिवाळ्यांत त्याची फजिती व्हावयाची. एकांत निराळा आणि एकटेपण निराळें. ज्यानें आपल्या माणसांची वस्ती सोडली पण गांवकऱ्यांची भाषा घेतली नाहीं, तो दोन्हींकडून गेला. अशीं घरें अडचणींतही येतात. आल्मेरिया प्रांताच्या ग्रामीण भागांत हजारों घरें बेकायदा ठरलीं. व्हेरा येथें तर स्थानिक नगरपालिकेनें परवानगी दिलेलें एका वृद्ध इंग्रज जोडप्याचें घर २००८ च्या जानेवारींत वरच्या सरकारनें पाडून टाकलें. कागद नीट पाहणारा, विक्रेत्याशीं कांहीं संबंध नसलेला वकील पहिल्यानें गांठावा, हें अशा ठिकाणीं दुप्पट खरें.

फ्रान्समधील दोर्दोञ्य भागांत या दोन मार्गांच्या मधली तऱ्हा पाहावयास मिळते. तेथें इंग्रजांसाठीं निराळे माळ फारसे उठले नाहींत; त्यांनीं जुनींच दगडी घरें घेऊन दुरुस्त केलीं. एमे नांवाचें गांव तेराव्या शतकांतलें, चौकोनी चौकाचें. तेथें इंग्रजांची वस्ती पुष्कळ आहे आणि क्रिकेटचा क्लबही आहे. पण पाव घ्यावयाचा तो फ्रेंच भट्टीवाल्याकडून, आणि शेजारच्या खिडकींत फ्रेंच आजीबाई. अशा गांवांतून मिसळलेले इंग्रज गांवच्या कारभारांतही पडले. २०२० पूर्वीं फ्रान्सच्या गांवसभांतून सातशेंहून अधिक ब्रिटिश सभासद होते. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें आणि त्याबरोबर त्यांचा मतदानाचा व उभें राहण्याचा हक्क गेला. स्पेनशीं मात्र ब्रिटननें २०१९ च्या जानेवारींत निराळा करार केला होता. त्यामुळें तेथें तीन वर्षें रीतसर राहिलेल्या ब्रिटिश रहिवाशाला नगरपालिकेच्या निवडणुकींत मत देतां येतें.

हा फरक केवळ राजकारणाचा नव्हे. २०२० साल संपल्यानंतर, तेथें रहिवासाचा हक्क नसलेल्या ब्रिटिश माणसाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक युरोपच्या त्या देशांत राहतां येत नाहीं. कायमचें जावयाचें तर पुरेशा उत्पन्नाचा आणि आरोग्यविम्याचा पुरावा देऊन आधीं परवाना मिळवावा लागतो. म्हणजे 'जाऊन पाहूं, नाहीं जमलें तर परत येऊं' हा पूर्वींचा सैलपणा राहिला नाहीं. म्हणूनच वस्तीची निवड आधीं विचार करून करणें आतां अधिकच अगत्याचें झालें आहे.

दुबईसारख्या ठिकाणीं हा प्रश्न निराळा होतो. तेथें दहांपैकीं सुमारें नऊ माणसें परदेशीच आहेत. राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशीं बांधलेला, आणि नागरिकत्व बहुतेकांना मिळण्यासारखें नाहीं. 'तेथल्या लोकांत मिसळून राहावें' असा उपदेश तेथें फारसा लागू पडत नाहीं. शाळा व कचेरी जवळ असावी आणि आल्या-गेल्याला उपयोगी पडणारा शेजार असावा, एवढेंच पाहावें. जेथें मरेपर्यंत राहावयाचें आणि जेथें नोकरीपुरतें राहावयाचें, या दोहोंसाठीं एकच माप लावणें ही चूक आहे.

तर मग कायमच्या घरासाठीं आमचें मत काय? आमच्या मतें घर तेथल्या लोकांत असावें, आणि आपलीं माणसें एका दिवसांत जाऊन येण्यासारख्या अंतरावर असावींत. घर जुन्या गांवांत, बाजाराच्या व दवाखान्याच्या पायीं अंतरावर घ्यावें. रोज भाजी घेतांना, पाव आणतांना जें चार वाक्यांचें बोलणें होतें, तीच खरी भाषेची शाळा. आणि आपल्या देशबांधवांचें मंडळ, देऊळ, वाचनालय, क्लब यांत आठवड्यांतून एकदां जरूर जावें. तें सोडणें हा अभिमान नव्हे, हट्ट आहे. जो रोजचा शेजार आपल्यांत ठेवतो त्याला परका समाज कधींच आपला होत नाहीं. उलट रोजचा शेजार परक्यांत ठेवणाऱ्याला आपलीं माणसें सणावारीं भेटतातच.

ही निवड करतांना कांहीं गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्या. जागा ऑगस्टांत पाहूं नये. जानेवारी-फेब्रुवारींत पाहावी, म्हणजे पाहुणे गेल्यावर किती खिडक्यांत दिवा लागतो तें कळतें. वर्षभर भाड्यानें राहून मग विकत घ्यावें. राहावयास जातांच नगरपालिकेच्या रहिवासी-पटांत नांव घालावें. स्पेनमध्यें गांवाला मिळणारी रक्कम बरीचशी त्या पटावरील संख्येवर ठरते, आणि नांव न घालणारा मनुष्य आपल्याच गांवचा दवाखाना व दिवाबत्ती दुबळी करतो. मुलें लहान असतील तर गांवच्या शाळेंत घालण्यास भिऊं नये. तेथें तिसऱ्या वर्षापासून शाळा विनामूल्य आहे आणि सहा ते सोळा वर्षांपर्यंत सक्तीची आहे. आलिकांते प्रांतांत स्पॅनिशबरोबर वालेन्सियन भाषाही शिकवितात. मोठ्यांना याचें ओझें वाटतें, पण लहान मूल तें सहज उचलतें. तेंच मूल पुढें आईबापांना गांवाशीं जोडतें. मात्र मूल चौदा-पंधरा वर्षांचें असेल तर त्याला अनोळखी भाषेच्या वर्गांत बसविण्यापूर्वीं पुष्कळ विचार करावा. त्याच्यासाठीं इंग्रजी शाळेची सोय असलेलें शहर पाहणें हाच शहाणपणा.

आणखी एक गोष्ट घरांतील पुरुषांनीं ध्यानांत धरावी. घराची जागा बहुधा पुरुष ठरवितो, पण त्या शेजारांत दिवसभर राहते बाई. पुरुषाला कचेरींत नाहीं तर क्लबांत माणसें मिळतात. बाईला दारापुढच्या रस्त्यावर मिळतील तींच. म्हणून घर ठरण्यापूर्वीं तिनें एकटीनें सकाळीं त्या रस्त्यानें जाऊन दूध, भाजी आणि औषध आणून पाहावें. तिला तें जमलें, कोणी तिच्याकडे पाहून हंसलें, दुसऱ्या दिवशीं ओळखलें, तर ती जागा राहण्याजोगी आहे असें समजावें. आणि दोघांनींही स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्यांतलें एक जण गेल्यावर मागें राहिलेल्याला या घरांत राहतां येईल काय? याचें उत्तर 'नाहीं' असेल तर बागेचा आणि समुद्राच्या देखाव्याचा मोह सोडावा.

आमच्या वाचकांपैकीं फार थोडे स्पेनमध्यें जाणार आहेत. पण ज्यांचीं मुलें विलायतेंत, अमेरिकेंत, ऑस्ट्रेलियांत आहेत अशीं घरें आज पुष्कळ आहेत, आणि "आपल्या माणसांजवळ जागा घे हो" असें फोनवर सांगणाऱ्या आयाही पुष्कळ आहेत. त्यांची माया आम्ही जाणतों. आपले पूर्वजही काशीस गेले तेव्हां ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट येथें एकमेकांना धरूनच राहिले. पण त्याच घरांतलीं मुलें बनारसी बोली अस्खलित बोलूं लागलीं, आणि गंगाकांठच्या गांवाचीं झालीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. गणपतीला मुलानें तेथें जावें, पुरणपोळी खावी, नातवंडांना मराठी बोलतीं करावीं. मात्र मध्यरात्रीं नातू तापानें फणफणला तर सून कोणाच्या दारावर थाप मारील, हें आयांनीं एकदां विचारून पाहावें. तें दार भिंतीपलीकडचें असलें म्हणजे झालें. त्यावरील पाटी कोणत्या भाषेंतली आहे हें तितकें महत्त्वाचें नाहीं. आणि तें दार उघडावें म्हणून आधीं आपणच, संक्रांतीचे तिळगूळ घेऊन कां होईना, तें वाजविलेलें असलें पाहिजे.